स्वरूपाचे दात आणि मल्लव्वाचा टीव्ही

मल्लव्वाच्या ओसरीत त्या संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध टीव्ही, टीव्हीपुढे हळद-कुंकू लावलेलं लिंबू, आणि पिठाच्या वर्तुळात पाटावर बसवलेली मल्लव्वाची सून, स्वरूपा. ओदेलू मांत्रिकाने तिच्या दोन्ही हातांत कडुलिंबाचे डहाळे दिले होते. पडद्यावर मालिकेतली नायिका अगदी स्वच्छ रडत होती.

"ऊठ. जा तुझ्या कामाला," ओदेलू म्हणाला.

स्वरूपा मुकाट्याने आतल्या खोलीत तिच्या शिलाई मशीनकडे गेली. नवरा दुबईला गेला, त्याचं तीन वर्षं पत्र नाही. सासू-सुनेची चूल त्या मशीनवर पेटायची. बतुकम्माचा सण तोंडावर आला होता आणि अर्ध्या गावाचे ब्लाउज तिच्याकडे पडले होते. मशीन घरघरली आणि पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रेघा धावल्या. नायिकेचा चेहरा फाटला.

"अय्यो!" सगळी ओसरी ओरडली.

"बघितलंत? तिकडं ही कापड कापते, इकडं चित्र फाटतं! भानामती आहे, भानामती! मंत्र पुटपुटायला दात लागतात. शुक्रवारी पुढचे दोन पाडा, मंत्र बोबडा झालाच म्हणून समजा!" ओदेलू गरजला.

लोकांनी माना डोलावल्या. शुक्रवार परवावर होता.

मी शिडी घेऊन दारात उभा होतो. मी कनकय्या, गावचा केबलवाला. मल्लव्वाने बारा दिवसांपूर्वी तक्रार केली होती आणि मी बाराही दिवस "उद्या येतो" म्हणत होतो. क्रिकेटचे सामने चालू होते, सरपंचाचा टीव्ही आधी. मी गेलो नाही, म्हणून ओदेलू गेला. मला माझीच लाज वाटली.

"अव्वा, मला एकदा बघू द्या."

"आता काय बघतोस? बारा दिवस कुठं मेला होतास?"

मी स्वरूपाला पुन्हा पाटावर बसवलं आणि म्हातारीला म्हटलं, "तुम्ही आत जाऊन मशीनच्या पॅडलवर पाय ठेवा."

"मला कुठं शिवता येतंय?"

"शिवू नका. नुसतं दाबा."

म्हातारीने दाबलं. घर्रर्र! नायिका फाटली. स्वरूपा जागची हललीसुद्धा नव्हती.

"बोल ओदेलू, आता दात कुणाचे पाडायचे?"

"माझे दोनच उरलेत रे!" म्हातारी आतून किंचाळली, आणि ओसरी खो खो हसली.

लोक हसताहेत तोवर मी समजावून सांगितलं. मशीनच्या मोटरीत कोळशाचे दोन तुकडे असतात, ते झिजले की आत ठिणग्या उडतात. केबलच्या तारेवर धातूची जाळी असते, ती असल्या ठिणग्यांचा त्रास बाहेरच अडवते. वळचणीखालच्या जोडात मीच ती जाळी न जोडता नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. "ओदेलूनं बाईला बसवलं, की मशीन आपोआप बंद. चमत्कार तेवढाच. चूक माझी आहे, हिची नाही."

ओदेलूच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "अरे, मी वेगळं काय सांगत होतो? सुनेतून निघाली आणि मशीनमध्ये शिरली! तळ्यात बुडवा!"

दात वाचले, एवढ्यावर मी खूश झालो आणि शिडीवर चढलो. तार कापली, जाळी नीट जोडून नवा जोड कसला. खाली आलो तर आतली खोली रिकामी. चार गडी मशीन उचलून तळ्याकडे गेले होते आणि हात झटकत परतत होते.

पडदा आरशासारखा लख्ख होता.

"बघा! मशीन बुडाली, चित्र साफ!" ओदेलू म्हणाला. सगळ्यांनी हात जोडले, मल्लव्वानेही.

"अरे, जोड मी बदललाय!" मी ओरडलो. "एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग बघा! मशीन बंद करून बघा, पंखा बंद करून बघा, जोड तपासा. न येणाऱ्या केबलवाल्याला हव्या तेवढ्या शिव्या द्या. पण चित्र हललं म्हणून बाईकडे बोट दाखवू नका रे! डोकं दिलंय ते वापरा!"

मालिका रंगात आली होती. "हळू बोल," कुणीतरी म्हणालं. कुणाचीही मान वळली नाही.

एकट्या स्वरूपाने माझ्याकडे पाहिलं. ती अजून पाटावरच होती.

"दात राहिले, अण्णा," ती म्हणाली. "आता त्यांनी खायचं काय, तेवढं सांगा."