कोरं रक्त

मंजुश्री अठरा वर्षं विषांचं वजन करत होती. संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत तिच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर होता. रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र. फवारणी करणाऱ्यांच्या रक्तात कीटकनाशक किती उरतं, हे मोजायची पक्की पद्धत तिला बसवायची होती. त्यासाठी आधी, तुलनेला म्हणून, काहीच नसलेलं कोरं रक्त हवं होतं. ते मिळेना.

रक्तपेढीच्या पिशव्या तपासल्या. सगळ्यांत काही ना काही निघालं. यंत्राच्या आलेखावर जो उंचवटा उमटतो त्याला प्रयोगशाळेत पीक म्हणतात. तिच्या स्वतःच्या रक्तात तीन पिकं होती. वडिलांना, माणिकरावांना, तिने धाड या गावी फोन करून सांगितलं, "बाबा, तुमच्या रक्तात अकरा पिकं निघाली."

"अकरा?" माणिकराव म्हणाले. "वावरात तर दोनच हायेत."

मग तिचा सहकारी हर्षल तिच्या माहेरच्या जिल्ह्यात फिरून दोनशे बारा जणांचं रक्त घेऊन आला. बाटल्यांवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक. एकशे सत्तेचाळीसचा आलेख सपाट आला. यंत्र बिघडलं असं समजून तिने ते साफ केलं, नमुना पुन्हा लावला. पुन्हा सपाट. रीतसर परवानगी घेऊन तिने यादी उघडवली. तानाबाई, वय अडुसष्ट, दुसरबीड.

तानाबाई तिची सासू होती. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीपर्यंत.

लग्नानंतर देवानंदने आईला सांगितलं होतं की सून विषशास्त्रात डॉक्टर आहे. तानाबाईने त्यातला 'विष' एवढाच शब्द ऐकला. दुसऱ्या दिवशी तिने वेगळी चूल मांडली. घरामागच्या वीस गुंठ्यांत स्वतःपुरती ज्वारी, तूर, भाजी लावली आणि कसलीही बाटली बांधाच्या आत येऊ दिली नाही. तीन वर्षांनी घटस्फोट झाला तो वेगळ्याच कारणाने. देवानंदला पुण्यात दुसरी कोणी आवडली होती. सून गेली. चूल तशीच राहिली.

मंजुश्री एसटीने दुसरबीडला गेली.

"जयभीम, आत्या."

तानाबाई वांगी खुडत होती. "काऊन आली?"

"तुमचं रक्त पाहिजे. दर तीन महिन्यांनी, दहा मिली."

"आधी तो पोरगा घेऊन गेला ना?"

"ते संपलं. जिल्ह्यात असं रक्त दुसऱ्या कोणाचं नाही."

तानाबाईने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "देतो. पण सुई तू टोचजो. त्या पोरानं चार बारी टोचली."

मंजुश्रीला सुई टोचता येत नव्हती. तिने एका दवाखान्यातल्या नर्सकडून शिकून घेतलं. पहिल्या वेळी तिने दोनदा शीर चाचपली. तानाबाई दुसरीकडे बघत म्हणाली, "झालं का?" अजून सुई लागायची होती.

दोन वर्षांत ती आठ वेळा आली. रक्त घ्यायचं, भाकर-वांगं खायचं, पाचची गाडी धरायची. देवानंदचा विषय कोणी काढला नाही. शोधनिबंध छापून आला. कोरं रक्त एकाच व्यक्तीचं आहे, हे त्यात अभ्यासाची मर्यादा म्हणून नोंदवलं होतं.

नवव्या नमुन्यात एक पीक दिसलं. छोटं, पण होतं. शेजारच्या नारायणरावांनी यंदा कपाशीवर ड्रोनने फवारणी केली होती आणि त्या दिवशी वारा होता. फोनवर सांगण्याऐवजी मंजुश्री स्वतः गेली.

तानाबाईने आलेखाचा कागद उलटासुलटा पाहिला. "हे एवढंसं?"

"हो."

"जाईन का?"

"वर्षभरात जाईल कदाचित. पुन्हा फवारलं नाही तर."

तानाबाई बांधापर्यंत गेली. पलीकडे नारायणराव दिसले, तेव्हा तिने त्यांना पंधरा मिनिटं ऐकवलं. पुढच्या वेळी वारा बघून फवारीन, असं ते तीनदा म्हणाले. परत येऊन ती ओसरीवर बसली आणि पदराने डोळे पुसून म्हणाली, "मंग आता तुले माह्यं काही काम नाही."

"नाही," मंजुश्री म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"बरं. तूर कापणीले आली की येजो. एकटीनं सोंगनं होत नाही आता."

मंजुश्रीने लगेच रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात 'तूर' लिहिलं. कार्यालयाने तो मंजूर केला.