खिडकीपाशी वाढलेले पान

बकुळ आणि तिची आई यांच्यामध्ये निरोपांची ने-आण मी केली. या प्रकरणात माझा भाग एवढाच, आणि तो मी कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या निर्णयाने उचलला. काशीतील मुलींच्या एका शाळेची मी तेव्हा मुख्याध्यापिका होते, रामघाटावर राहत होते, आणि ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणे हा आळसाचाच एक प्रकार आहे असे वर्गात सांगत असे. आजही माझे मत तेच आहे. म्हणून जे पाहिले तेवढेच लिहिते.

बकुळ माझी विद्यार्थिनी, पुढे माझ्याच शाळेत शिक्षिका झाली. ब्रह्मा घाटावरच्या ढुंढिराजशास्त्र्यांची ती एकुलती एक मुलगी. तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा शास्त्र्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही; दर्भाची बाहुली करून घाटावर तिचे दहन केले, दहाव्याचे पिंड घातले, आणि मुलगी वारली असे शेजाऱ्यांना शांतपणे सांगितले. पुढे शास्त्रीही गेले आणि त्यांच्या पत्नी सीताकाकू त्या घरात एकट्या उरल्या. बकुळ सिगऱ्याच्या ख्रिस्ती वस्तीत खोली घेऊन राहू लागली. ब्रह्मा घाटाची पायरी ती त्यानंतर चढली नाही.

कमिशनाविरुद्ध शहरात काळी निशाणे निघाली त्या वर्षी, ईस्टरच्या आधी येणाऱ्या उपासाच्या दिवसांत, तिने दुपारचे जेवण सोडले. तिच्या पंथात उपासाची सक्ती नव्हती. पाद्रीसाहेबांनी तर प्रकृतीला जपा, एवढेच सांगितले होते. आपला उपास लोकांना दिसू नये अशी त्यांच्याकडे शिकवण असल्यामुळे ती नेहमीपेक्षा नीटस वेणी घालून हसतमुखाने शाळेत येई. परंतु डबा न आणणारी शिक्षिका माझ्या नजरेतून सुटत नसे.

"एकादशी टाकून सिगऱ्याला गेलीस, आणि परत एकादशीच घेऊन आलीस की गं," मी म्हणाले.

"आपल्या एकादशीला रताळी, राजगिरा, साबुदाणा, वर शिंगाड्याचा शिरा! तो उपास होता की लग्न, बाई?"

"आणि तुझा हा? तू जेवली नाहीस म्हणून कोणाचे पोट भरले?"

तिचे हसू मावळले. "तेच शोधते आहे. नुसतं पोट रिकामं ठेवून देवाला काय मिळणार, हे मलाही कळतं. तोवर भूक लागली की आईसाठी प्रार्थना करते. तिने एकदा मला जेवायला हाक मारावी, एवढंच मागते. भूक खरी असली, तर मागणंही खरं ठरेल."



पुढच्याच आठवड्यात ती माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेऊन म्हणाली, "बाई, मला भूक लागेनाशी झाली आहे."

"शरीराला सवय होते."

"सवय नाही. पोट भरतं. आज डाळ घालून केलेली पडवळाची भाजी होती. मीठ जरा कमी पडलं होतं." तिने उजवा हात पुढे केला. त्याला हिंगाच्या फोडणीचा आणि साजूक तुपाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला सकाळपासून नजरेआड होऊ दिले नाही. मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर बसून मुलींच्या वह्या तपासत होती. एकाएकी तिने टाक खाली ठेवला, पदर सावरला, आणि भातावर तूप पडण्याची वाट पाहणाऱ्या मुलासारखी ती निमूट समोर पाहत राहिली. तिने काही चावले नाही, काही गिळले नाही. तरीही थोड्या वेळाने तिच्या चेहऱ्यावर जेवून उठलेल्या माणसाची तृप्त सुस्ती उतरली, तिने ढेकर दाबला आणि ओशाळून माझी क्षमा मागितली. टाकाची शाई निळी होती. तिच्या बोटांची पेरे पिवळी झाली होती.

"माझी भूक कोणीतरी काढून नेतं आहे," ती म्हणाली आणि रडू लागली. "आता मी काय घेऊन प्रार्थनेला बसू?"

सुट्टीच्या दिवशी मी नावेने ब्रह्मा घाटावर गेले. दार उघडणाऱ्या बाईंना मी क्षणभर ओळखले नाही. सीताकाकूंच्या मनगटाचे हाड वर आले होते, गाल आत गेले होते, आणि जिना चढताना त्या भिंतीला धरून चालत होत्या.

"तबियत अगदी ठीक आहे, मास्तरीणबाई. असं निरखून बघू नका, मी काही तुमच्या वर्गातली पोर नाही. बसा."

नदीकडच्या खिडकीपाशी एक पान वाढलेले होते: भात, वरण, तूप, थोडी भाजी. पानासमोर पाट होता. पाटावर कोणी नव्हते.

"काकू, तुमचे पान?"

"एकवेळ जेवणाऱ्या विधवेचं शिजवणं ते केवढं! एका माणसाचंच असतं."

"मग हे कोणाचे?"

"शिवरात्रीनंतर एका दुपारी जेवायला बसले, तर दाराशी कुणी उपाशी उभं आहे असं वाटलं. जाऊन पाहिलं, कुणी नव्हतं. पण आईला का दिसावं लागतं? पान उचलून तिथे ठेवलं. तेव्हापासून रोज ठेवते."

"कावळे खात असतील."

"हाका मारून थकले. एक फिरकत नाही."

मी पानाकडे पाहिले. भात कमी होताना मला दिसला नाही, हे मी स्पष्ट नमूद करते. मात्र दर वेळी नजर वळवून पुन्हा पाहिले की तो आधीपेक्षा कमी असे, आणि वरण कालवल्याच्या खुणा पानावर उमटलेल्या असत.

मी बकुळची सगळी हकीकत सांगितली. सीताकाकूंनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"पोटभर जेवते ना?"

"तिला भूक हवी आहे, काकू."

"वेडी आहे. शाळेतून आली की पाटी खाली ठेवायच्या आधी ताट मागायची."

"आणि तुम्ही अशाच उपाशी राहिलात, तर चैत्र काही पाहणार नाही."

त्यांनी खिडकीकडे पाहिले.

मला सुचले ते मी तेथेच सांगितले. बकुळच्या हातचे शिजलेले अन्न त्यांना चालणार नव्हते; पण कोरड्या शिध्याला विटाळ मानत नाहीत. बकुळने रोज आपल्या दुपारच्या वाटणीचे तांदूळ आणि डाळ काढून ठेवावी, मी ती येथे आणावी, काकूंनी ती शिजवून स्वतः खावी, आणि खिडकीपाशी पान वाढणे बंद करावे. अशाने लेकीला तिची भूक परत मिळेल, आणि तिने सोडलेला घास आईच्या मुखी पडेल.

"म्हणजे माझी भूक मी तिला द्यायची," सीताकाकू म्हणाल्या. त्यांनी आपल्या रोडावलेल्या हाताकडे पाहिले. "मला कबूल आहे. पण जबरदस्ती नको. ती हो म्हणाली तरच."

"संध्याकाळी सिगऱ्याला जाऊन विचारते."

"संध्याकाळी कशाला? जेवते आहे तोवर विचारा की."

त्यांचा हात पानाकडे होता. मला संकोच वाटला. तरी त्या माउलीचे मन मोडवेना. मी पाटाकडे तोंड करून, वर्गात विचारावे तसे पूर्ण वाक्यात विचारले, "बकुळ, तुला हे मान्य आहे का?" खाली घाटावर कोणी धुणे आपटत होते. दुसरा आवाज मला ऐकू आला नाही. सीताकाकूंनी मात्र डोळे टिपले, आणि रिकामे पान उचलले.

तिन्हीसांजेला मी सिगऱ्याला पोहोचले तेव्हा बकुळ दारातच उभी होती. तिच्या हातात दोन पुरचुंड्या होत्या, एकीत तांदूळ, दुसरीत डाळ.

"बकुळ, तुझ्या आईचे म्हणणे असे आहे की—"

"हे उद्याचं, बाई. आणि तिला सांगा, मऊ शिजवून खा म्हणावं, एकदम पोटभर नको."

"तुला हे कोणी सांगितले?"

ती माझ्याकडे नवलाने पाहू लागली, आणि मग प्रेमाने हसली.

"दुपारी तुम्हीच नाही का विचारलंत? तेव्हाच मी हो म्हटलं. आईने ऐकलं. तुम्हाला ऐकू आलं नाही?"