झुलालचं नाक

“डोळे बांधा त्याचे,” रतिलालशेठ गल्ल्यावरून म्हणाला आणि दुकानात हशा पिकला.

भुसावळ स्टेशनसमोरच्या त्या कॉफीच्या दुकानात झुलाल एकोणीस वर्षं बिया भाजत होता. रेल्वेतल्या मद्रासी कुटुंबांना घरच्यासारखी कॉफी इथंच मिळे, आणि ती झुलालच्या नाकामुळे, असं शेठ येईल त्याला सांगे. नुसत्या वासावरून झुलाल बी कुठल्या मळ्यातली ते ओळखायचा. मागच्या दिवाळीत टायफॉइडने तो महिनाभर अंथरुणात होता. उठला तेव्हा वास गेलेला. कॉफीचा, फुलांचा, कशाचाच येईना. हे त्याने फक्त बायकोला, बेबाबाईला सांगितलं. तेव्हापासून तो बियांचा रंग बघून, त्यांच्या तडतडण्याला कान देऊन भाजायचा. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नव्हती.

आज कर्नाटकातून मळेवाले पाहुणे आले होते. लोटन हमालाने झुलालच्या डोळ्यांवर पंचा बांधला. शेठने वाटी नाकाखाली धरली.

“बोल, झुलाल.”

झुलालने सावकाश श्वास ओढला. काहीच नव्हतं. “पीबेरी हाये, शेठ. गोल दान्याची कॉफी. ताजी भाजेल.”

“नीट हुंग.”

“पीबेरीच. आपलीच.”

लोटन फिसकन हसला. मग सगळेच हसले. शेठने पंचा ओढून काढला. वाटीत घासलेटमध्ये बुडवलेला बोळा होता.

“मला महिन्यापूर्वीच कळलंय,” शेठ पाहुण्यांकडे वळून म्हणाला. “म्हटलं, बघू किती दिवस फसवतो.” मग झुलालला म्हणाला, “उद्यापासून भट्टीकडे फिरकायचं नाही. पुड्या बांध.”

“भाजण्यात कधी चूक झाली का, शेठ?”

“चूक नाही रे. पण दाखवायला काही राहिलं का तुझ्यात?”

घरी बेबाबाई भाकरी थापत होती. ती शेठच्या घरी धान्य निवडायला जायची.

“तू शेठानीले, पुष्पाबाईले, माह्या नाकाचं सांगितलं का?”

तिचा हात थांबला. “सांगितलं. आजारपनापासून उभंही राहवत नाही तुमच्यानं. म्हटलं, त्याहीले बसाचं काम द्या. रागावले का शेठ?”

झुलालने टोपी काढून खुंटीला अडकवली.

“नाही. उद्यापासून पुड्या बांधाच्या. बसूनच.”

“पाहा! अन् तुम्ही उगीच भेत होते.” तिचा चेहरा फुलला. हात धुऊन ती लगबगीने उठली. असोद्याहून तिच्या भावाने केळ्यांचा घड पाठवला होता. “सकाळी एक फणी पुष्पाबाईले नेऊन देते,” म्हणत तिने विळा उचलला आणि कडेची फणी धरली.

झुलालने तिच्या हातातला विळा घेतला.

“ती नको. डागी हाये,” तो म्हणाला, आणि घडातली सगळ्यांत चांगली फणी कापून त्याने तिच्यापुढे ठेवली.