सदतीस अंश

प्रयोगशाळेत तिला सगळे मुंगी म्हणत, कारण रिकाम्या हाताने चालताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. पेशी वाढवणं हे तिचं काम. माणसाच्या अंगातून काढलेल्या पेशी चपट्या बाटलीत, गुलाबी द्रवात ठेवायच्या, सदतीस अंशांच्या उबदार कपाटात जपायच्या आणि दर दोन दिवसांनी द्रव बदलायचा. एकीच्या दोन, दोनांच्या चार. आपण सगळे अशाच एका पेशीपासून सुरू झालो, हे नव्या लोकांना सांगताना तिचा आवाज उगाच खाली यायचा.

खालच्या फळीवरच्या एका बाटलीवर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. तो तिला तोंडपाठ होता. पोटातली गाठ काढायच्या आधी आईनेच कागदावर सही केली होती. "तुमच्या कामाला येत असेल तर ठेवून घ्या. मला काय करायचीय?" चार महिन्यांत आई गेली. ज्या गाठीने तिला नेलं, तिच्याच पेशी तीन वर्षं धडधाकट वाढत होत्या. मुंगीला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि सुटीच्या दिवशीही ती त्यांना बघायला यायची.

नियम असा, की प्रत्येक बाटलीतल्या थोड्या पेशी कुप्यांत भरून गोठवून ठेवायच्या. बाटली बिघडली तर त्यांतून पुन्हा सुरुवात करता येते. मुंगीने सगळ्यांच्या गोठवल्या होत्या. आईच्या नाही. कुपी हातात घ्यायची आणि म्हणायची, पुढच्या आठवड्यात बघू. एवढी शिकलेली बाई, पण इथे अक्कल गहाण पडली होती.

त्या सकाळी द्रव गढूळ दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या मधून बुरशीचे धागे पसरले होते. तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना हाक मारली.

"गोठवलेल्या किती आहेत?" मॅडमनी विचारलं.

"एकही नाही."

"एकही नाही? अगं, दुसऱ्यांना कुप्यांवरून धारेवर धरतेस तू!"

"आईला थंडी सोसायची नाही, मॅडम. भर उन्हाळ्यातसुद्धा पायांवर पांघरूण लागायचं."

मॅडमनी आकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चष्मा काढून त्या तो पुसत राहिल्या.

"बुरशीचं औषध घालून बघू? फक्त दोन दिवस," मुंगी म्हणाली.

"कपाटात आणखी एकोणीस बाटल्या आहेत गं. बुरशी तिथे पोचली तर? त्याही कुणाच्या तरीच आहेत." मग हळूच म्हणाल्या, "मी करू का?"

"नको. माझं मी करते."

बिघडलेली बाटली टाकण्याआधी तिच्यात ब्लीच ओतून आतलं सगळं मारायचं असतं. ब्लीचचा डबा फरशीवर गारठून पडला होता. तिने मापाने भांड्यात ओतलं. हातमोज्यांतूनही त्याचा गारठा बोटांना लागला. बाटलीचं झाकण न उघडता ती भांडं दोन्ही तळव्यांत धरून उभी राहिली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, पण घाई केली नाही.

भांडं कोमट झालं, तेव्हाच तिने झाकण काढलं.