पाचव्या खाटेचा दिवा

गुरुवारी दिवेलागणीला दवाखान्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. पुसदपासून बारा मैलांवरचं गाव, दोन खोल्यांचा धर्मादाय दवाखाना. डॉक्टर यायचे मंगळवारी आणि शुक्रवारी. पण त्या दिवशी गर्दी नसे, ती व्हायची गुरुवारी. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया कडेवर पोरं घेऊन येत, गावातले कास्तकार गाड्या जुंपून येत. सगळे बायकांच्या खोलीच्या खिडक्यांना चिकटून आत बघत.

आत पाच खाटा होत्या. प्रत्येक खाटेच्या उशाशी भिंतीत एक कोनाडा आणि कोनाड्यात एक पितळी दिवा. बघायचं ते एवढंच, की दिवा कोणाचा विझतो. जिचा विझला तिला देवीचं बोलावणं. पावसाळ्यापासून चौघींचे दिवे विझले होते आणि चौघींनीही दुसऱ्या दिवसाचं ऊन पाहिलं नव्हतं.

रत्नप्रभा नर्सबाई मधोमध उभी होती. पांढरं पातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोळे अर्धे मिटलेले.

"मी कोण? मी नुसती सुई टोचणारी बाई! बोलते ती माय. माहूरची रेणुका म्हणा, तांड्याची मरियामा म्हणा, ती एकच. माणसाला न्यायचं झालं तर ती काय पोस्टमन पाठवणार? ती दिव्यातून बोलते. ऐका, बोलेल! आणि विझल्या दिव्याला कोणी बोट लावायचं नाही. ज्यानं लावलं त्यानं ते बोलावणं आपल्या अंगावर घेतलं."

तडतड झाली. एकदा, दोनदा. पाचव्या खाटेवरच्या मंजुषानं मान वळवली, कारण आवाज तिच्याच डोक्याशी होत होता. ज्योत उडाली, निळी झाली आणि गेली. धुराची एक रेघ वर चढली.

"मास्तरीणबाईचा!" बाहेर कोणीतरी किंचाळलं. "अरे देवा, मास्तरीणबाईचा!"

मंजुषा गावच्या मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. नागपूरला शिकून आलेली, कमी बोलणारी बाई. महिन्यापूर्वी बैलगाडी उलटून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला पट्ट्या, पट्ट्यांना दोरी, दोरी कप्पीवरून खाली आणि खाली दोन विटा लोंबत होत्या. हाड सरळ जुळायचं तर अजून तीन आठवडे असंच उताणं पडून राहायचं होतं. मागे कोनाड्याकडे हात नेला तर दीड वितीनं कमी पडे. ते अंतर तिनं बरेचदा मोजलं होतं.

नर्सबाईनं पितळी फुलपात्र आणून तिच्या शेजारच्या स्टुलावर ठेवलं. "तीर्थ आहे, बाई. आरती करून येते, मग आपल्या हातानं पाजते. बोलावणं आलं की मन शांत ठेवावं." मग ती दाराकडे वळली आणि म्हणाली, "नाजरसाहेब, लेकीजवळ बसा." गर्दी तिच्यामागे अंगणातल्या देवीच्या फोटोकडे सरकली.

नीळकंठराव, मंजुषाचे वडील, तहसील कचेरीतून नाजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यभर कागद तपासले होते. एक सही वाकडी असली तरी अर्ज परत करायचे. आता ते खाटेशी उकिडवे बसून लहान मुलासारखे रडत होते.

"मंजू, घे गं ते. देवीचं आहे. नाही घेतलं तर हाल होतील म्हणतात."

"नाना, माझा पाय मोडलाय. पाय मोडून कोणी मरत नाही."

"सोनीबाईला तरी काय झालं होतं?"

ते मात्र खरं होतं. सोनीबाई तांड्यावरची म्हातारी, दुसऱ्या खाटेवर होती. गेल्या गुरुवारी ताप उतरला होता, भाकर-पिठलं खाऊन ती हसत होती. तिचा दिवा तडतडला, विझला. ती तीर्थ प्यायली आणि शुक्रवारी सकाळी तिला चादरीत गुंडाळून नेलं. सदाशिवराव डॉक्टर आले, हृदय बंद पडलं असं लिहून, पुढच्या गावी रोगी वाट बघत होते म्हणून निघून गेले. या मंगळवारी ते आलेच नाहीत. काल मंजुषा नर्सबाईला म्हणाली होती, "परवा डॉक्टर आले की मी विचारणार आहे, तीर्थात काय असतं ते." नर्सबाई फक्त हसली होती. आणि आज दिवा विझला.

पळता येत नव्हतं, उठता येत नव्हतं, ओरडावं तर बाहेरचे सगळे नर्सबाईचे. ज्यांनी तिला वाचवायचं तेच तिला पाजायला बसले होते. तिनं डोळे मिटले आणि वर्गात मुलांना विचारायची तसं स्वतःला विचारलं, काय दिसलं तेवढंच सांग. पाच दिवे. नर्सबाईनं एकाच बुधलीतून भरलेलं जवसाचं तेल, एकाच कापसाच्या वाती. वारा नव्हता, कारण चौथ्या खाटेची ज्योत हललीसुद्धा नाही. चार जळताहेत, एक अर्ध्या घटकेत विझला, आणि विझण्याआधी तडतडला. तडतड सोनीबाईच्या वेळीही झाली होती. ती तेव्हा तिनं ऐकली होती.

आया बिजलीबाई कोपऱ्यात फरशी पुसत होती. सोनीबाई तिची काकी. काकी गेल्यापासून ती कोणाशी बोलली नव्हती.

"बिजलीबाई, इकडे या."

"मी नाई येत त्या दिव्यापाशी."

"दिव्याचं नाही, चुलीचं विचारते. तेल तापलं असताना कढईत पाणी पडलं तर काय होतं?"

"तडतडते, अजून काय? हात पोळते."

"मग तेव्हा कढईत कोणती देवी बोलते?"

बिजलीबाईच्या हातातलं फडकं थांबलं.

"मास्तरीणबाई, काहून असं बोलून राह्यल्या? हात लावला तं माह्यावर येईन ना ते."

"माझ्यावर आलेलंच आहे. माझा हात पोचत नाही, नाहीतर मीच लावला असता. दिवा नुसता ताटलीत उलटा करा. आत तेल निघालं तर मी हे तीर्थ मुकाट्यानं पिते."

"मंजू!" नीळकंठराव म्हणाले.

"अन् तेल नाई निघालं तं?"

"तर तुमची काकी देवीनं नेली नाही."

बिजलीबाई उठली. हातातले चुडे वर सरकवले, डोळे गच्च मिटले आणि दिवा ताटलीत उलटा केला. आधी तेलाचे चार थेंब पडले. मग पाणी. पाव वाटीभर नितळ पाणी, वर तेलाचे बारीक गोल तरंगत असलेलं. तिनं डोळे उघडले, बोट बुडवलं, दोन बोटं एकमेकांवर घासली.

"याडी गं," ती आईला हाक मारल्यासारखी पुटपुटली. "हे तं पाणी हाय."

"तेल पाण्यापेक्षा हलकं, वर तरंगतं. खाली पाणी घालून वर पातळसं तेल सोडायचं. दिवा भरलेला दिसतो. तेल संपलं की पाणी वातीशी येतं, तडतडतं आणि दिवा जातो. कोणाचा विझवायचा ते भरणारीच्या हातात."

आरती संपली. नर्सबाई आत आली, मागून माणसं आली. ताटली बघून ती थबकली, पण क्षणभरच. लगेच तिनं हात जोडले.

"बघा! बघा मायची करणी! तेलाचं पाणी केलं मायनं!"

गर्दीतून "जय माता" उठलं. मंजुषाला वाटलं, आपण एका विहिरीत पडलो आहोत आणि वरून लोक दोराऐवजी फुलं टाकताहेत.

"मोठीच करणी," ती म्हणाली. "तेलाचं पाणी झालं, तर या तीर्थाचं अमृत झालं असेल. नर्सबाई, पहिला घोट तुम्ही घ्या."

"ज्याचं तीर्थ त्यानंच प्यावं."

"मीही घोट-दीड घोट घेईन. आधी तुम्ही."

नर्सबाईनं फुलपात्राला हात लावला नाही. तेवढ्यात नीळकंठरावांनी फुलपात्र उचललं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"मी घेतो. आई, तुला एक जीव पाहिजे ना? म्हाताऱ्याला ने. माझी लेक ठेव."

"नाना! नको!" मंजुषानं उठायचा जोर केला. विटा खाटेवर आपटल्या, मांडीतून कळ डोक्यापर्यंत गेली, हात हवेतच राहिला. फुलपात्र ओठांशी पोचलं होतं.

"नाजरसाहेब, नको!" हे नर्सबाई ओरडली. "मरून जाल!"

अंगणातल्या बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

नर्सबाईच्या तोंडून ते कशानं निघालं, हे मंजुषाला पुढेही कधी कळलं नाही. दया असेल. किंवा ज्याचा दिवा विझलाच नाही असा माणूस मेला असता तर देवीचा हिशोब चुकला असता.

"काहून मरतीन?" बिजलीबाईनं विचारलं. हळूच, एकेक शब्द. "मायचं तीर्थ हाय ना? काहून मरतीन ते?"

नर्सबाई दाराकडे वळली. दारात तांड्याचा नाईक उत्तमसिंग उभा होता. तो बाजूला झाला नाही.

"सांडू नका ते," मंजुषा म्हणाली. "बिजलीबाई, झाकण घाला. उद्या डॉक्टरांच्या हातात द्यायचं."

बिजलीबाईनं नीळकंठरावांच्या हातातून फुलपात्र काढून घेतलं, वर ताटली झाकली आणि मांडीवर घेऊन ती तशीच बसली, डॉक्टर येईपर्यंत.

नागपूरहून तपासणीचा कागद यायला अठरा दिवस लागले. दवाखान्याच्याच कपाटातलं हृदयाचं औषध, एका माणसाला पुरून उरेल एवढं. तोवर रत्नप्रभानं पोलिसांना सगळं सांगितलं होतं. पहिला दिवा खरंच वाऱ्यानं विझला होता आणि ती म्हातारी खरंच आपल्या मरणानं गेली होती. "हिला बोलावणं आलं," असं रत्नप्रभा सहज बोलून गेली. दुसऱ्या दिवशी लोक तिच्या पाया पडले. ज्या गावानं तिला चार वर्षं 'ए बाई' म्हटलं, ते तिला माय म्हणू लागलं. पुढच्या वेळी बोल खोटा पडू द्यायला तिचं मन धजेना. मग तिनं तो खरा करायला सुरुवात केली.

विटा काढल्या त्या दिवशी बिजलीबाई मंजुषाच्या पायाला तेल चोळत होती. मध्येच तिनं विचारलं, "मास्तरीणबाई, त्या दिवशी कोणी वाकून पाह्यलं असतं तं माही काकी वाचली असती का?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्या बाईला झोप लागली असती. मंजुषानं खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्याकडे.

"हो. वाचली असती. आणि तेव्हा मी इथंच होते. तडतड मीही ऐकली होती. मला पदवी आहे, तरी माझा स्वतःचा दिवा विझेपर्यंत मी विचार केला नाही."

बिजलीबाई चोळत राहिली. पण संध्याकाळी तिनं पाचही कोनाड्यांत दिवे लावले, नव्या रोग्यांना अंधारात भीती वाटते म्हणून. आणि लावण्याआधी प्रत्येक दिवा खाटेपाशी नेला.

"घाला बोट," ती प्रत्येकीला म्हणाली. "तेल हाय का पाणी, तुमचं तुम्हीच पाहा."

देव मानावा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण जो कोणी सांगेल की इथं हात लावू नका, त्याच्यासमोर आधी तिथंच हात लावा. पहिलीनंतरच्या तिघी औषधानं गेल्या हे खरं. पण ते औषध त्यांच्या तोंडापर्यंत पोचलं, कारण खिडकीत उभ्या असलेल्या शंभर माणसांपैकी एकानंही आत येऊन दिवा तिरका करून पाहिला नाही.