उस्तादांनी बसवलेला आरसा

शिवराजला डॉक्टरांनी दोनच रस्ते दाखवले: शुगरची गोळी वाढवा, नाहीतर रोज घाम गाळा. सेहेचाळीस वय, चितेगावच्या एका कंपनीत लाइन सुपरवायझर, दिवसभर पंख्याखाली उभं राहून लोकांवर ओरडायचं काम. घाम येणार कुठून? मग त्यानं सायकल घेतली. ती पण साधी नाही, गिअरची, काळी, बिनकॅरिअरची. कांचनवाडी ते चितेगाव, जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर.

आता पैठण रोडला सायकल चालवणं काय चीज आहे, ते ज्यानं चालवली त्यालाच विचारा. मागून हायवा डंपर येतो तो मुरूम सांडत येतो, आणि हॉर्न असा देतो की माणसाचं पाणी पाणी व्हावं. शिवराज दर मिनिटाला मान वळवून मागं बघायचा. मान वळली की हँडलही वळायचं. चौथ्या दिवशी तो साइडपट्टीवरून घसरला तो थेट बाभळीत. हातावरचे ओरखडे बघून तनुजानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दारातच ठणकावलं, "आरसा बसवल्याबिगर ही सायकल दाराभाईर काढायची नाय. सांगून ठेवते."

पैठण गेटाजवळच्या दुकानात दुकानदारानं काउंटरवर तीन आरसे मांडले. "दादा, हेल्मेटवाला होना, हँडल के टोक में घुसनेवाला होना, के ये गोल? तीनों चलते." हेल्मेटचा आरसा चिंचोक्याएवढा. शिवराजनं तो लावून पाहिला तर चष्म्याच्या काडीपलीकडं त्याला स्वतःचा कान दिसला. टोकातला बरा होता, पण तो इतका बाहेर आला होता की पहिल्याच रिक्षानं नेला असता. शेवटी दांडीचा गोल आरसा घेतला, हँडलला क्लॅम्पनं आवळायचा, काच जरा फुगीर. घरी येऊन मोठ्या ऐटीत उजव्या बाजूला बसवला. आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर तो असा थरथरायला लागला की एका ट्रकचे चार ट्रक दिसत होते, आणि चौघांच्या मधोमध शिवराजचा गुडघा.

नक्षत्रवाडीच्या टपरीवर साहेबरावांनी त्याला अडवलं. साहेबराव म्हणजे त्याचे उस्ताद. बावीस वर्षांपूर्वी आयटीआय करून शिवराज टूलरूमला लागला, तेव्हा कानस कशी धरायची इथपासून ज्यांनी शिकवलं ते हे. त्यानं मशीनवर एक जॉब बिघडवला होता तेव्हा मॅनेजरपुढं "माझ्या हातनं झालं" म्हणून पुढं झाले तेही हेच. रिटायर होऊन आता चितेगावच्या अलीकडं एका गोदामावर वॉचमन होते. निळा शर्ट दोन माप मोठा, शिट्टी खिशात, आणि बुडाखाली तीच जुनी बावीस इंची सायकल. रोज सकाळी या टपरीवर अर्धा चहा घेऊन ड्युटीवर जायचे.

"हे काय बसवलंय रं? आरसा हाय का वाळणीला टाकलेला पापड?" उस्तादांनी हँडल हलवून बघितलं. "कोणी शिकिवलं तुला? मीच का? लाज आणलीस की!"

शिवराज हसत बाजूला झाला. उस्तादांनी पिशवीतून जुन्या ट्यूबचा तुकडा काढला, ब्लेडनं दोन बोटं रुंद पट्टी कापली, हँडलला घट्ट गुंडाळली, तिच्यावर क्लॅम्प चढवला आणि पाना लावला. नट मात्र पुरता आवळला नाही.

"बस सायकलीवर. पाय टेकव. नेहमी बसतो तसं बस, फोटोला बसल्यावाणी नको." आणि ते मोजून दहा पावलं मागं जाऊन उभे राहिले. "आता आरसा हळूहळू फिरव. अजून. अजून जरा खाली. बास! मला तुझे डोळे दिसले."

"मला पण तुम्ही दिसले, उस्ताद."

"दिसणारच की. मला तुझे डोळे दिसले म्हंजी तुला मी दिसलो. दोन्हीकडनं सारखंच असतंय ते. आरसा बसवायचा तर मागं माणूस उभा पायजे, एकट्याचं काम नाय." मग जवळ येऊन त्यांनी नट आवळला. "अन् काच फुगीर हाय, ध्यानात ठेव. मागचं हाय त्याच्यापेक्षा लांब दिसतंय. लांब हाय म्हणून फसू नको."

आरसा असा बसला की खड्ड्यातसुद्धा हलेना. तेव्हापासून दोघं रोज टपरीपासून बरोबर जायचे. उस्ताद गुडघ्याचं सांगायचे, दहावीतल्या नातीचं, संस्कृती तिचं नाव, कौतुक करायचे, परीक्षा झाली की तिला तुझ्या कंपनीत अ‍ॅप्रेंटिस लाव म्हणायचे, टूलरूमचे जुने किस्से काढायचे. शिवराजला दहा मिनिटं उशीर व्हायचा, पण त्याचं त्याला काही नव्हतं.

मग मिहिर आला. मिहिर म्हणजे प्लांटमधला नवा इंजिनिअर, अठ्ठावीस वर्षांचा, शिवराजचा साहेब. तोही सायकलवाला. अंगाला चिकटलेले कपडे, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ, आणि बोलणं असं मऊ की आपलं बोलणं आपल्यालाच टोचावं. "शिवराज सर, तुम्हीपण सायकलनं येता? ग्रेट! उद्यापासून बरोबर जाऊ या." शिवराजला कंपनीत आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दानं गडी दोन इंच वर उचलला गेला, खोटं कशाला बोला.

पहिल्याच दिवशी दोघं टपरीवरून झपकन पुढं गेले, आणि मागून भर रस्त्यात आरोळी आली, "ए शिवराज्या! हागायला लागली का रं एवढी? थांब की!"

मिहिर खो खो हसला. वाईट नाही हसला बिचारा, हसण्यासारखंच होतं ते, आणि कोण ओरडलं ते न बघता तसाच पुढं गेला. पण शिवराजच्या कानशिलाची आग झाली. तो थांबला, उस्तादांशी दोन शब्द बोलला न बोलला, आणि निघाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं काय केलं ते सांगायलाही बरं वाटत नाही. टपरी जवळ आली की तो गिअर बदलायचा आणि मान खाली घालून सुसाट सुटायचा. नजर मात्र आरशात. उस्तादांनी ग्लास ठेवला, सायकल स्टँडवरून काढली, टांग मारली, सगळं दिसायचं. गोल काचेत एक निळा ठिपका हलायचा, मग बारीक व्हायचा, मग जायचा. ट्रक दिसावा म्हणून घेतलेला आरसा, आणि त्यात हा बघत होता, म्हातारा किती मागं राहिला! असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी, गुरुवारी, गेवराई तांडा ओलांडला तेव्हा आरशात निळा ठिपका होता. पण आज तो बारीक होत नव्हता. उस्ताद पॅडलवर उभे राहून सायकल मारत होते. त्रेसष्टाव्या वर्षी, तसल्या गुडघ्यांनी. एक हात वर करून हलवत होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं. हायवाच्या घरघरीत आवाज तुटक येत होता.

'नातीच्या अ‍ॅप्रेंटिसचं काढतील,' शिवराजला वाटलं, 'नाहीतर मिहिर सरांपुढं पुन्हा काहीतरी बोलतील.' आणि त्यानं पॅडल दाबलं.

मिहिरनं कानातल्या इअरफोनचं एक बोंडूक काढलं. "सर, कोणी हाक मारतंय का तुम्हाला?"

"मला? नाही हो."

मिहिरनं मान वळवून पाहिलं. "ते वॉचमन काका. ओळखीचे आहेत का?"

आता बघा, इथं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. पण शिवराज म्हणाला, "नाही. असतात असे वाटेत. चला, उशीर होतोय."

म्हणता म्हणता त्याची नजर आरशात गेली. निळा ठिपका थांबला होता. एक पाय जमिनीवर, हात अजून वर. चेहरा काही दिसत नव्हता, इतका लांब होता. बरं झालं, लांब आहेत, त्यांना काय दिसतंय, असं म्हणून शिवराजनं स्वतःची समजूत घातली.

कंपनीच्या गेटातून आत आल्यावर त्यानं मागं हात घातला तर सीटला बांधलेली डब्याची पिशवी नव्हती. लवचिक दोरीचा हूक तेवढा लोंबत होता.  हात कशासाठी हलत होता ते त्याला आत्ता कळलं.

वीस मिनिटांनी गेटवरून निरोप आला. सायकल स्टँडजवळ उस्ताद उभे होते. शर्ट पाठीला चिकटलेला, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांचं गोदाम तीन किलोमीटर मागं राहिलं होतं आणि ड्युटी आठची, आता सव्वाआठ होऊन गेले होते. हातात पिशवी. डबा एका बाजूनं चेपलेला, पण पुसून घेतलेला. आणि बाजूला घड्याळ बघत मिहिर उभा. देवानं त्याला नेमकं तिथंच उभं केलं होतं.

शिवराजनं तोंड उघडलं. पण उस्तादांनी त्याला बोलूच दिलं नाही. त्याच्याकडं न बघता ते मिहिरला म्हणाले, "या साहेबांचा डबा पडला व्हता रस्त्यावर. मी मागनं येत व्हतो, म्हून घावला. शुगरवाल्याला जेवायला उशीर नको." मग जीभ चावून म्हणाले, "म्हंजी, आजकाल समद्यांलाच असती शुगर."

साहेब. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तेही अनोळखी माणसाला म्हणावं तसं, अदबीनं. शिवराजनं वाटेत जे खोटं सांगितलं ते त्यांनी ऐकलं नव्हतं, ऐकू येण्यासारखं नव्हतंच. तरी ते त्यांनी ओळखलं होतं आणि वर निभावून नेत होते. टूलरूममध्ये त्याचा बिघडलेला जॉब अंगावर घेतला होता, अगदी तसंच.

"थँक्यू काका, एवढ्या लांब आलात!" मिहिर म्हणाला.

"त्याला काय हुतंय." उस्ताद जायला वळले. वळता वळता शिवराजच्या सायकलपाशी थांबले आणि आरशाला हात लावून म्हणाले, "साहेब, आरसा हललाय तुमचा. तरीच मागचं दिसलं नाय तुमाला." आणि अंगठ्यानं जोर देऊन त्यांनी तो आरसा बाहेरच्या बाजूला वळवला.

आरसा हलला नव्हता. त्या पट्टीवर, त्या नटावर तो हलणारच नव्हता. ज्या हातानं तो बसवला त्याच हातानं त्यांनी तो शिवराजच्या डोळ्यांदेखत बिघडवला, कशासाठी, तर शिवराजला एक सबब मिळावी म्हणून. शिवराजला वाटलं, जमीन फाटावी आणि सायकलसकट आपण आत जावं. पण तो नुसता उभा राहिला, चेपलेला डबा छातीशी धरून.

दुपारी त्यानं डबा उघडलाच नाही. संध्याकाळी तो वाकड्या आरशानंच घरी आला. आरशात बाभळी दिसत होत्या आणि आभाळ. वाटेत दोनदा त्याचा हात आरशाकडं गेला, दोनदा त्यानं तो मागं घेतला. तनुजानं भरलेला डबा पाहिला, वळलेला आरसा पाहिला.

"काय झालं वो? कुणी ठोकलं का?"

"नाय. मीच ठोकलं," शिवराज म्हणाला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. तनुजानं त्याच्या हातातून डबा काढून घेतला. मग एवढंच म्हणाली, "मला लग्नात पहिली साडी त्यांनीच घेतली होती. माझ्याकडं बघू नका आता."

शुक्रवारी सकाळी मिहिर कांचनवाडीच्या चौकात उभाच होता. शिवराज टपरीपर्यंत त्याच्याबरोबर गेला आणि तिथं थांबला. उस्ताद बाकावर बसून चहा पीत होते. त्याला बघून ते उठून उभे राहिले, साहेब आल्यावर वॉचमन उठतो तसे.

"मिहिर सर," शिवराज म्हणाला.  "हे साहेबराव. माझे उस्ताद. मला जे काय येतंय ते यांनी शिकवलंय. काल मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मिहिर गोंधळून एकदा याच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघायला लागला. टपरीवाल्यानं उगाच फडकं उचललं. उस्ताद ग्लासात बघत होते.

"उस्ताद, आरसा नीट करायचाय. मागं उभं राहता का?"

उस्तादांनी ग्लास ठेवला. पिशवीतून पाना काढून त्याच्या हातात दिला आणि मोजून दहा पावलं मागं गेले. शिवराज सायकलवर बसला, पाय टेकवला, नट सैल केला आणि आरसा आत वळवायला लागला. बाभळी गेल्या, टपरीचं पत्र्याचं छत गेलं, रस्ता आला, निळा शर्ट आला. मग चेहरा. बारीक, लांब वाटणारा, पण त्यातले डोळे स्वच्छ दिसत होते. कालही ते वाटले तेवढे लांब नसणार.

"दिसलो का?" मागून आवाज आला.

"दिसले." शिवराज आरशातच बघत म्हणाला, "काल पण दिसले व्हते, उस्ताद. बारा दिवस झाले, रोज दिसत व्हते."

मागून हायवा गेला. धूळ उडाली, खाली बसली. उस्ताद तिथंच उभे होते.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "आरसा मीच बसवला व्हता." मग थोड्या वेळानं, रागानं नाही, अगदी सरळ आवाजात म्हणाले, "आवळा आता नट, साहेब. उशीर व्हतोय तुमाला."

शिवराजनं नट आवळला, जेवढा आवळता येईल तेवढा. आरशात ते अजून त्याच्याकडंच बघत होते, आणि त्याची मान काही वर होत नव्हती.