बाबांच्या गूजबेरीचा ताबा

१९७४ च्या एप्रिलमध्ये सरकारने नकाशावरची रेघ हलवली आणि आमचं घर, कोंबड्या आणि बाबांची गूजबेरीची झुडपं झोपेतच यॉर्कशायर परगण्याबाहेर गेली. घराचं बाबांना फारसं काही वाटलं नाही. त्यांचा जीव अडकला होता तो सर्वांत वजनदार गूजबेरीला मिळणाऱ्या चषकात. सोळा वर्षं ते दुसरे येत होते, आणि यंदा त्यांचं फळ कोंबडीच्या अंड्याएवढं झालं होतं. पण नियम एकच, फळ यॉर्कशायरमध्ये वाढलेलं हवं.

ऑगस्टमध्ये चर्चच्या हॉलात तराजू मांडला. ओढ्यापलीकडचे क्लेमेंटकाका अजून यॉर्कशायरातच होते. ते बाबांना म्हणाले,

"ह्यूबर्ट, तू आता परदेशी! पासपोर्ट आणलास का?"

"तुझं फळ ठेव आधी तराजूत. दिसलं तर बोलू."

परीक्षक होत्या मिस पोलार्ड. या दोघांनाही त्यांनीच शाळेत शिकवलेलं. त्यांनी टेबलावर पेन्सिल आपटली.

"यॉर्कशायरमधलं हे 'शायर' म्हणजे काय रे?"

"कातरलेला तुकडा," क्लेमेंटकाका म्हणाले. "कातरण्यावरूनच आलाय तो शब्द."

"शाळेतही असंच ठोकून द्यायचास. शायर म्हणजे मुळात जमीनच नव्हे. आपल्या जुन्या इंग्रजीत शायर म्हणजे सोपवलेलं काम, जबाबदारी. पुढे ज्याच्यावर ती, त्याच्या ताब्यातल्या मुलखालाच शायर म्हणू लागले. त्याचा कारभारी तो शेरीफ."

बाबा उठलेच. "मग झालं की, बाई! झुडूप माझ्या जबाबदारीत, आणि मी जन्माचा यॉर्कशायरवाला!"

"मान्य," बाई म्हणाल्या. फळ तोललं. पहिलं आलं. बाबांचे कान आनंदाने लाल झाले.

"थांबा बाई," क्लेमेंटकाका म्हणाले. "जून-जुलै याचा पाय प्लास्टरमध्ये होता. फळ फुगावं म्हणून त्याखाली रोज पाण्याची बशी कोणी ठेवली? वर छत्री कोणी बांधली? गोगलगायी कोणी वेचल्या?"

"कोणी?"

"मी! विचारा याच्या बायकोला."

आईनेच त्यांना गळ घातली होती. ती आता खिडकीबाहेर बघत बसली.

मिस पोलार्डनी बाबांचं नाव खोडलं आणि वर क्लेमेंटकाकांचं लिहिलं. "अर्थ तूच मान्य केलास, ह्यूबर्ट."

बाबा शांतपणे तराजूपाशी गेले, ते फळ उचललं आणि अख्खंच्या अख्खं तोंडात टाकलं. गाल टम्म फुगला.

"आता सांगा," ते रस गाळत म्हणाले, "कोणाच्या ताब्यात आहे?"